गच्चीवरचा पश्चिम घाट

माझ्या थोरल्या बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे एका खारीवरून ठरायचं होतं.

थोरली बहीण म्हणजे अक्का. शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत, आमच्या वडिलांनी बांधलेल्या दुमजली घरात ती वर राहते आणि मी खाली. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्नाच्या फंदातच पडले नाही, त्यामुळे माझं कोणी जायचा प्रश्नच आला नाही. सरकारी कचेरीत टायपिंग करत निवृत्त झाले आणि आता अक्काच्या हातचं जेवून तिच्याशीच भांडते. आमचं बरं चाललं होतं.

तिचा एकुलता एक मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात, चौदाव्या मजल्यावर राहतो. अक्का त्याला अजूनही कानडीत मगा म्हणते, म्हणजे लेकरा. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि तो हक्क फक्त माझा आहे. आईला रोज फोन करतो, तिची औषधं घरपोच पाठवतो. आपल्या फ्लॅटमध्ये त्यानं तिच्यासाठी एक खोली तयार ठेवली आहे. न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, खिडकीला जाळी आहे आणि छताला धूर हुंगणारं यंत्र आहे. निरांजन लावलं की ते बोंबलतं, मग खालून वॉचमन वर येतो. अक्का एकदा तिथं चार दिवस राहून आली. परत आल्यावर म्हणाली, "छान आहे. आस्पत्रेसारखं आहे. नर्स तेवढी नाही."

अक्काला मरेपर्यंत याच घरात राहायचं होतं, आणि मुलाला तिला तिकडं न्यायचं होतं. एवढंच भांडण. दोघंही एकमेकांच्या भल्यासाठीच भांडत होते, म्हणून ते मिटत नव्हतं.

अक्काचा दिवस गच्चीवर सुरू होतो. कोवळं ऊन आलं की ती सूप आणि कापूस घेऊन वर जाते आणि देवासाठी वस्त्रं करत बसते. वस्त्र म्हणजे कापसाची माळ. कापूस बोटांनी ओढून, जागोजागी पीळ देऊन मणी पाडायचे आणि प्रत्येक मण्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका द्यायचा. इकडं त्याला गेज्जेवस्त्र म्हणतात. आता ती बाजारात पाकिटात तयार मिळतात, सगळी एकसारखी, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखी. अक्काचं वस्त्र मात्र शंभरांत ओळखू येतं. दोन मण्यांच्या मध्ये दुहेरी पीळ, आणि बरोबर मधल्या मण्याला कुंकवाऐवजी हळद. ही आमच्या आईची पद्धत. का, ते आईलाही ठाऊक नसावं. आमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या घोड्यांमागून तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडं आले. घोडे गेले, सरदार गेला, आमचं मराठी पुण्याच्या माणसाला कळेनासं झालं. हा पिवळा मणी मात्र राहिला.

भाचा लहान असताना ठिपके द्यायचं काम त्याच्याकडं होतं. सणाच्या आधी तर शेकडो ठिपके. त्याचं बोट कायम लाल असायचं, आणि शाळेत मास्तर विचारायचे, लाल शाई कुठं सांडलीस म्हणून. दहावीपर्यंत त्यानं हे काम केलं. मग त्याला क्लास लागले, मग कॉलेज, मग नोकरी, आणि मग चौदावा मजला.

तर गेल्या उन्हाळ्यात अक्काच्या सुपातली वस्त्रं कमी व्हायला लागली. ती मला म्हणाली, तूच नेतेस. मी म्हटलं, मी नेऊन काय करू, गळ्यात घालू? मग एके सकाळी ती जिना उतरून खाली आली, धापा टाकत, आणि दारातच म्हणाली, "पांढरी खार आहे गं. पूर्ण पांढरी. पाठीवर पट्टे नाहीत. डोळे मात्र काळे, मण्यासारखे. वस्त्र तोंडात धरून भिंतीवरून पळाली."

मी वर जाऊन पाहिलं. दोन कावळे होते, पाण्याची काळी टाकी होती आणि दोरीवर आमचे परकर होते. खार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अक्काला दिसायची, मला नाही. माझे गुडघे जिना चढेपर्यंत खार शेजारच्या माडावर जाऊन संसाराला लागलेली असायची. खरं सांगते, तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी काही बोलले नाही. अक्काला मात्र ते दिसलं, आणि ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

याच सुमाराला भाच्यानं तिला डॉक्टरकडं नेलं. वय झालं की एकदा मेमरी तपासून घ्यावी, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. डॉक्टरनं आजचा वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द सांगून ते पाच मिनिटांनी परत म्हणायला लावले. अक्कानं वार सांगितला, वर तिथी सांगितली, घड्याळ काढलं, शब्द म्हणून दाखवले. पैकीच्या पैकी. मग डॉक्टर उगीच गोड बोलावं म्हणून म्हणाला, "आणि काय नवीन, अम्मा?" अक्कानं त्याला पांढऱ्या खारीची गोष्ट सांगितली.

डॉक्टरनं कागदाच्या तळाशी लिहिलं, नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. भाच्याला सगळा कागद दिसला. प्रश्नचिन्ह तेवढं दिसलं नाही.

त्यानंतर आमच्या फॅमिली ग्रुपवर आईबापांच्या मेंदूबद्दलचे लेख यायला लागले. नातेवाइकांनाही कामधंदा मिळाला. हुबळीच्या वहिनींचं मत पडलं की साधीच खार रांगोळीच्या डब्यात लोळली असेल. म्हैसूरच्या काकांच्या मते तो घुशीचा रोग होता. एका मावसभावानं लिहिलं की पांढरी खार दिसणं हा शुभशकुन आहे आणि अक्कानं जागेचे कागद नीट करून घ्यावेत. गच्चीवर येऊन बघतो असं एकानंही लिहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायला फोनसारखा उंट नाही.

भाचा तेवढा आला. एका रविवारी सकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसला, खार बघायला. मांडीवर लॅपटॉप, कानात यंत्र. अमेरिकेतल्या कोणाला तरी तो सारखा विचारत होता, माझा आवाज येतोय का. अमेरिकेत जात होता की नाही माहीत नाही, पण माडावर नक्कीच जात होता. खार काही आली नाही. उठताना तो अक्काला अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अम्मा, मी हट्ट करत नाही. एक फोटो दाखव. एक क्लिअर फोटो. मी पुन्हा कधी शिफ्टिंगचं नाव काढणार नाही. पण डेटा नसेल, तर श्रावणात वरमहालक्ष्मीचा सण झाला की मी तुला घेऊन जाणार. सरी?"

"सरी," अक्का म्हणाली. तिनं असं लगेच कबूल व्हावं याचाच मला राग आला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि इथं स्वतःच्या पोटच्या पोराला आईच्या डोळ्यांचा पुरावा हवा होता.

मग मी माझा फोन घेऊन गच्चीत ठाण मांडलं. गुडघ्यांना तेल चोळून सकाळी वर जायचं आणि दुपारीच खाली यायचं. आणि एक दिवस मलाही खार दिसली. अक्का म्हणाली होती तशीच, तंतोतंत, काळ्या डोळ्यांची. मला इतका आनंद झाला की मी आधी ओरडले आणि मग फोटो काढला. फोटोत भिंत होती, माझा अंगठा होता आणि पांढरं काहीतरी होतं. भाच्यानं उत्तर पाठवलं, "मावशी, प्लॅस्टिकची पिशवी आहे ही."

मी त्याला फोन करून सांगितलं की मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तो म्हणाला, "मावशी, तुझा कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे. अम्मा इकडं आली तर तुला स्वयंपाक करावा लागेल." हे खरं होतं, म्हणून मी फोन आपटला.

तेव्हा मला त्या वाघवाल्याची आठवण झाली. मागच्या गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यानं आपले वाघांचे फोटो पडद्यावर दाखवले होते. मूळचा पुण्याचा, राहायला एचएसआर लेआउटमध्ये, आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार जंगल. त्या दिवशी त्यानं एकच वाघ इतक्या बाजूंनी दाखवला होता की मला त्या वाघाची दया आली होती. त्याला फोन केला. चामराजपेटेत पांढरी खार आहे, असं सांगितलं. मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "काकू, हे अजून कोणाला सांगितलंय?"

"सगळ्यांना सांगितलंय. कोणी विश्वास ठेवत नाही."

"ग्रेट. तसंच राहू दे."

शनिवारी तो आला. आमच्या गल्लीत लग्नपत्रिकांचे छापखाने आहेत, हातगाड्या आहेत, कागदाचे गठ्ठे वाहणारे टेम्पो आहेत. त्यातून तो झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालून चालत आला. टोपी हिरवी, पँट हिरवी, पाठीवरची पिशवीसुद्धा पानापानांची. जंगलात दिसू नये म्हणून केलेला तो वेश चामराजपेटेत कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून सगळ्यांना दिसला. त्याच्या कॅमेऱ्याची नळी आमच्या मोठ्या कुकरएवढी होती, आणि तिलाही हिरवं झबलं घातलेलं होतं.

गच्ची बघून त्याचा चेहरा उतरला. "काकू, हॅबिटॅट फार डिस्टर्ब्ड आहे," तो म्हणाला. म्हणजे टाकी, दोरी आणि परकर. परकर मी काढले. टाकी काढता येईना, म्हणून त्यानं तिच्यावर जाळी टाकली. मग अक्काच्या लाल लुगड्याकडं बघून म्हणाला, "आजींना काहीतरी डल रंगाचं नेसता येईल का? ॲनिमल बुजतं."

अक्का म्हणाली, "ती मला उन्हाळ्यापासून बघतेय. तुला बघून बुजेल. तूच काय ते बदल."

त्यानं भिंतीवर शेंगदाणे पेरले. ते खायला गल्लीतल्या सगळ्या पट्टेवाल्या खारी आल्या, दोन उंदीरही आले. पांढरी आली नाही. रविवारीही आली नाही. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, जाळीखाली पालथा पडून राहिला, आणि खालून अक्काचा चहा वर जात राहिला. त्याच्या बोलण्यातून मला बरीच नवी माहिती मिळाली. ही खार अल्बिनो नाही, ल्युसिस्टिक आहे, कारण डोळे काळे. देशात असे फोटो मोजकेच आहेत. अमक्यानं काळ्या बिबट्यासाठी तीन वर्षं सुट्ट्या जाळल्या. तमक्यानं लोकेशन फोडलं म्हणून त्याला ग्रुपमधून काढलं. घरी बायको विचारते, फोटो काढून काय मिळतं, तर तिला पॅशन म्हणजे काय ते कळत नाही. मला त्याच्या बायकोला भेटावंसं वाटलं.

शेवटी अक्काच कंटाळली. म्हणाली, "अरे, तू माझं सूप कुठं ठेवलंस?"

सूप त्यानं पहिल्याच दिवशी फ्रेममधून उचलून जिन्यात ठेवलं होतं. "आजी, ते नॅचरल दिसत नाही ना."

"ती सुपासाठी येते. कापूस न्यायला. घर बांधतेय ती, तुझे दाणे खाऊन काय करील?" असं म्हणून अक्कानं सूप आणलं, रोजच्या जागी ठेवलं, त्यात ओल्या ठिपक्यांची वस्त्रं पसरली आणि शेजारी बसून नवं वस्त्र वळायला घेतलं. लाल लुगडं नेसूनच.

थोड्या वेळानं ती आली. माडावरून भिंतीवर, भिंतीवरून सुपात. एक वस्त्र ओढून घेतलं, परत भिंतीवर गेली आणि मागच्या पायांवर उभी राहून तिनं आमच्याकडं पाहिलं. उन्हात तिचे कान गुलाबी दिसत होते. वस्त्र तोंडातून खाली लोंबत होतं, लाल, लाल, मध्ये पिवळा, पुन्हा लाल. कॅमेरा शिवणयंत्रासारखा वाजत होता. अक्का मान वर न करता म्हणाली, "बघ, आली." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, सुटली माझी बहीण.

वाघवाल्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आम्हाला फोटो दाखवला. खरंच सुंदर होता, ते नाकारून चालणार नाही. केसन् केस दिसत होता. मागं शेजाऱ्यांच्या घराची भिंत होती. त्यांनी मागच्या वर्षी तिला असा पोपटी रंग दिला होता की आम्ही महिनाभर तिकडच्या खिडक्या उघडल्या नव्हत्या. फोटोत ती भिंत धूसर होऊन कुठलंसं हिरवंगार रान झाली होती. मी म्हटलं, आत्ताच पाठव मला. तो म्हणाला, "काकू, कच्चा फोटो कधी देत नसतात. प्रोसेस करून पाठवतो. एक आठवडा."

आठवडा गेला, दुसरा गेला. फोन केला तर तो मीटिंगमध्ये असायचा. श्रावण लागला. खार यायची थांबली. घर बांधून झालं असेल, असं अक्का म्हणाली. माझ्या फोनमध्ये तिची आणखी थोडी प्लॅस्टिकची पिशवी जमा झाली होती, बाकी काही नाही.

आणि मग फोटो आला. वाघवाल्याकडून नाही, भाच्याकडून, फॅमिली ग्रुपवर. कुठल्याशा स्पर्धेत पहिला आला होता आणि भाच्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी पुढं ढकलला होता. तीच खार, तेच ऊन, तेच वस्त्र. खाली लिहिलं होतं, 'शुभ्र आत्मा. पश्चिम घाटातील घनदाट अरण्य.' परीक्षकांनी म्हटलं होतं की छायाचित्रकारानं माणसाचं पाऊल न पडलेल्या जगात आपल्याला नेलं. त्या जगातून माझे परकर मीच काढून दिले होते.

त्याखाली जाणकारांची झुंबड उडाली होती. खारीच्या तोंडातलं फूल कोणतं, यावर वाद चालला होता. बहुतेकांचं मत पडलं की दुर्मीळ ऑर्किड. एकानं त्याचं लॅटिन नावही दिलं. दुसऱ्यानं ते खोडून दुसरं दिलं. तिसरा म्हणाला, खार ऑर्किडचा प्रसार करते ही गोष्ट शास्त्राला नवीन आहे, यावर निबंध व्हायला हवा. आमच्या देवाचं वस्त्र, चार आण्यांचा कापूस आणि चिमूटभर कुंकू, आणि ही सगळी शहाणी माणसं त्याच्या पाकळ्या मोजत बसली होती. पाठोपाठ कोणी सुट्टी काढून घाटात निघाल्याचंही कळलं, जीप ठरवून, ही खार शोधायला. काखेत कळसा नि गावाला वळसा.

भाच्यानं फोटोखाली लिहिलं होतं, "अम्मा, बघ. अशा खारी असतात. पण जंगलात."

मी वाघवाल्याला फोन लावला, आणि या वेळी तो उचलेपर्यंत लावत राहिले. त्याला म्हटलं, "चामराजपेट कधीपासून घाटात गेलं?"

"काकू, लोकेशन उघड करणं अनएथिकल असतं. लोक येऊन त्रास देतील तिला."

"मग गप्प बसायचं. खोटं कशाला लिहिलंस?"

"जनरली बघितलं तर ही जात पश्चिम घाटातही असतेच ना काकू."

"वाघही असतो. मग माझ्या गच्चीत वाघ आहे असं लिही."

शेवटी मी त्याला अक्काचं सगळं सांगितलं. एकच फोन माझ्या भाच्याला कर, म्हटलं, गुपचूप, कोणाला कळणार नाही. तो खरंच कासावीस झाला. म्हणाला, स्पर्धेचा नियम आहे, प्राणी नैसर्गिक अधिवासातच हवा. गच्ची कळली तर बक्षीस जाईल, ग्रुपमधून काढतील, आणि तुमचा भाचा आयटीत आहे काकू, या शहरात आयटीतली गोष्ट दुपारपर्यंत सगळीकडं होते. आजींना माझा नमस्कार सांगा, म्हणाला. त्यांच्या चहाला तोड नाही. त्या दिवसापासून माणसाचं पाऊल न पडलेलं जग म्हटलं की मला चहाचे कप आठवतात.

मी तडक वर गेले. अक्का देवघरात बसली होती. म्हटलं, "त्याचं सोड. फोटोतच पुरावा आहे. तोंडात आपलं वस्त्र आहे, मधला मणी पिवळा आहे. आत्ताच्या आत्ता तुझ्या लेकाला फोन करून सांगते."

अक्कानं माझा फोन काढून घेतला आणि पदराखाली ठेवला. "सांगू नको."

"का?"

"तू सांगितल्यावर कळलं तर काय कळलं? त्यानं दिलेत हे ठिपके, माझ्याजवळ बसून. त्याला ओळखू दे."

"आणि नाही ओळखलं तर?"

तिनं समईची वात पुढं सारली. मला तिचा संताप आला, आणि भीतीही वाटली. खोकी उचलून तिला घेऊन जायला पोरगा येणार, आणि ही बाई हातात हुकमाचं पान असून ते खेळायला तयार नाही.

वरमहालक्ष्मी झाली. पुढच्या रविवारी सकाळी भाचा आला. घडी घातलेली पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी, आणि कोपऱ्यावरून आईसाठी घेतलेला मोगरा. आईला मोगरा आवडतो हे त्याच्या लक्षात होतं, ते मी त्याच्या खात्यावर जमा करते. तिघंही गच्चीत बसलो. अक्का नेहमीसारखी सुपापुढं, हातात कापूस. गौरी-गणपती यायचे होते.

तो तिच्या शेजारी खालीच बसला आणि त्यानं फोन काढला. "अम्मा, हे बघ. तू म्हणतेस ती खोटी नाही. अशी खार असते. तुला कुठंतरी असा फोटो दिसला असेल आणि मग वाटलं असेल की आपल्या गच्चीतच आहे."

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "तिनं खार पाहिली उन्हाळ्यात. हा फोटो आला श्रावणात."

"तसं होतं मावशी. मेमरी मागंपुढं होते. वाचलंय मी."

अक्कानं मला डोळ्यांनी गप्प केलं. मग त्याला म्हणाली, "तिच्या तोंडात काय आहे रे?"

"फूल आहे अम्मा. ऑर्किड. फार रेअर असतं."

"स्वल्प मोठं करून बघ."

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मी मान लांब करून पाहिलं. दुहेरी पीळ दिसत होता, कापसाचा तंतू न् तंतू दिसत होता, कुंकू ओलं असताना पसरलेलं दिसत होतं. तो नीट बघत होता. पुरतं मन लावून बघत होता.

"ऑर्किडच," तो म्हणाला. "हे मधलं पिवळं दिसतंय ना? तिथं परागकण असतात. एक्स्पर्टनी लिहिलंय खाली."

अक्काचा हात थांबला. तिला राग आला नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि ते मला बघवेना. पुढच्याच क्षणी तिनं समोरचं सूप सरकवून त्याच्या गुडघ्याला लावलं.

सुपात आठ-दहा वस्त्रं वाळत पडली होती. त्यानं सुपात पाहिलं. फोनमध्ये पाहिलं. पुन्हा सुपात पाहिलं. एक वस्त्र उचलून फोनशेजारी धरलं, आणि मग त्याचे कान तापलेले मला दिसले, लहानपणी चोरी पकडली की तापायचे तसे.

"अम्मा," तो म्हणाला.

खाली छापखान्याचं यंत्र चालू झालं. मग त्यानं फोन उलटा करून खाली ठेवला, कुंकवाची वाटी जवळ ओढली, बोट बुडवलं आणि अर्धवट राहिलेल्या वस्त्रावर ठिपके द्यायला लागला. फार मोठे देत होता, पसरत होते. मधल्या मण्याशी आल्यावर त्याचं लाल बोट हवेतच थांबलं, आणि त्यानं आईकडं पाहिलं.

अक्कानं हळदीची वाटी त्याच्याकडं सरकवली.

"त्या डॉक्टरनं मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते," ती म्हणाली. "मी ठेवले. तुला एकच गोष्ट ठेवायची होती, मगा. नापास झालास." मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे. म्हणून काही मी तुला तुझ्या घरातून हलवणार नाही."